तीन आण्यांचं पाणी

"तेवीस?" आप्पाराव मास्तर धूळपाटीवर वाकले आणि त्यांनी हातातली छडी जमिनीवर आपटली. "बायनाबाई, चोवीसशे छत्तीसाला बारानं भागलं तर तेवीस कसे येतील? चोवीसशे छत्तीस लिंबं बारा घरांत वाटली, तर एकेका घरात तेवीसच पडतील होय? बाकीची कुठं गेली? तू खाल्लीस?"

"तुमी सांगितलं तसंच केलंय की, मास्तर." बायनाबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, पण बोट काही धुळीवरून उचललं नाही. "बारा दुनी चोवीस. दोन मांडला. तीन खाली घेतला. तीनात बारा जात न्हाई. मंग सहा खाली घेतला. बारा त्रिक छत्तीस. तीन मांडला. झालं."

"तीनात बारा जात नाही, तेव्हा वर काय मांडलंस?"

"काय मांडनार? जातच न्हाई तर."

"शून्य मांडायचं, बाई! शून्य!"

"मिळालंच न्हाई ते कावून लिवायचं?"

मास्तरांनी छडी बाजूला ठेवली. खंडोबाच्या देवळाची ती ओसरी म्हणजेच गावची शाळा. सरकारी शाळा पार बीडला आणि तीही उर्दूतली; तेव्हा अंबाजोगाईहून आलेल्या आप्पाराव मास्तरांनी इथं दोन चटया टाकून मराठी शाळा मांडली होती. मानमोडीच्या साथीत बायको गेली, तेव्हापासून त्यांच्या घरी जातं बंद होतं. बायनाबाई त्यांचं दळण दळून द्यायची आणि त्याच्या बदल्यात दुपारी, पोरं जेवायला पळाली की, ओसरीवर बसून अंक शिकायची. ओसरी भर रस्त्यावर. येणारी-जाणारी बघायची, काही तोंडाला पदर लावून हसायची. दोन पोरी नांदायला गेलेल्या, अशी ही बाई आता पाटीवर बोट फिरवते म्हणजे काय! बायनाबाई मात्र मुद्दाम रस्त्याकडं तोंड करून बसायची. लपून बसलं की लोक जास्त बघतात, असं तिचं म्हणणं होतं.

"हे बघ," मास्तर म्हणाले, "मिळालं त्याचा आकडा कुणीही लिहील. मिळालं नाही, तिथंच तर लिहायचं असतं. नाही लिहिलंस तर काय होतं? मागचा आकडा सरकून त्या रिकाम्या जागेवर येऊन बसतो. मग तीच त्याची जागा होते आणि तुझा सगळा भागाकार खोटा होतो. कळलं?"

बायनाबाईनं धुळीतल्या त्या दोन-तीनावर तळवा ठेवला. मग पुसत पुसत म्हणाली, "कळलं. आमच्या घरासारखंच हाय की."

घरासारखं म्हणजे विहिरीसारखं. ती विहीर तिघांची होती. विहीर सोळा आणे. त्यातले सात आणे थोरल्या पातीच्या, म्हणजे थोरल्या आज्याच्या घरच्या, धर्मराजचे, सहा आणे म्हाताऱ्या हरिबाचे आणि तीन आणे बायनाबाईच्या नवऱ्याचे, आसारामचे. तिघांचे आजे सख्खे भाऊ, तिघांनी मिळून ती खणलेली. पाण्याची पाळी आठ दिवसांची. साडेतीन दिवस धर्मराजची मोट चालायची, तीन दिवस हरिबाची, आणि शेवटचा दीड दिवस आसारामचा. त्यानंतर दोन दिवस खाडा, म्हणजे विहीर निजवायची, झरे भरू द्यायचे, आणि पुन्हा धर्मराजपासून सुरुवात. आण्याप्रमाणं दिवस अगदी चोख वाटलेले. कुणी नाव ठेवायला जागा नाही. म्हणून तर इतकी वर्षं कुणी बोललं नव्हतं.

पण दिवस सारखे असले म्हणून पाणी सारखं थोडंच असतं? धर्मराज मोट सोडायचा तेव्हा विहीर काठोकाठ भरलेली असायची. हरिबाच्या वेळी निम्मी. आसारामची पाळी येईपर्यंत तळाला हात लागायचा. मोट खाली जायची ती गाळात बसायची, अर्धी भरून यायची आणि त्यातही निम्मा चिखल. मग आसाराम बैल सोडून बांधावर बसायचा, झरा पाझरायची वाट बघत. थोरल्या पातीनं पहिलं पाणी घ्यायचं, हा दस्तूर होता. तो कुणी घातला, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण तो धर्मराजला फार जपावासा वाटायचा.

आसाराम गरीब स्वभावाचा. इतका गरीब की बैलालासुद्धा रागावून बोलायचा नाही. भावकीत बसला तर सगळ्यात मागं, खांबाला टेकून. कुणी विचारलंच तर "तुमी म्हनाल तसं" एवढंच. बायनाबाईला त्याचा राग यायचा, आणि राग आला की त्याची दयाही यायची, आणि दया आली की पुन्हा राग यायचा. लग्नाला वीस वर्षं झाली तरी हे काही संपलं नव्हतं.

"अवो, बोला की धर्मराजदादाला," ती म्हणायची.

"काय बोलू? दिवस तर बरूबर देतोय त्यो."

"दिवस काय प्यायाचाय गव्हाला?"

"तुला पटवून देता येतंय तर तू दे," आसाराम एकदा कंटाळून म्हणाला होता. त्याच्या मनात काही नव्हतं. पण बायनाबाईनं ते वाक्य पदराला बांधलं आणि दुसऱ्या दिवशी दळणाची पाटी घेऊन ती मास्तरांच्या दारात उभी राहिली.

एका अंकाचा भागाकार तिला झटकन जमला. चार भाकऱ्या दोघांत वाटण्यासारखाच तो. घोडं अडलं ते दोन अंकांवर. विहीर सोळा आण्यांची, तेव्हा सोळानं भागता आल्याशिवाय तिचं काम होणार नव्हतं. मग तिनं सोळाचा पिच्छा पुरवला. जात्याभोवती सांडलेल्या पिठात ती सोळानं भागायची, चुलीपुढच्या राखेत भागायची, अंगण सारवताना ओल्या शेणात बोटानं आकडे काढायची आणि पुढच्या हातानं ते सारवून टाकायची. एकदा परातीत कणीक घेतली आणि पाणी घालायच्या आधी तीत हिशेब मांडत बसली, तेव्हा आसाराम उपाशीपोटी उंबऱ्यात बसून राहिला आणि म्हणाला, "भाग गेला का गं? मला भूक लागलीय." ती हसली. पण शून्य अजून सुटायचं. दहा वेळा बरोबर यायचं आणि अकराव्या वेळी, घाई झाली की, हात ती जागा सोडून पुढं जायचा. ज्याच्या वाट्याला काही आलं नाही, त्याच्यावरून पुढं जायची सवय तिला लहानपणापासूनची होती. माहेरी सहा भावंडांत भाकरी तिच्यापर्यंत पोचली नाही, तर कुणी तसं बोलून दाखवायचं नाही. ताट उचललं जायचं.

त्या साली कार्तिकात तिनं एक पाळी मोजली. तिचं रान विहिरीला लागूनच होतं. मोट वर आली की चाक कुरकुरायचं. ती गव्हात खुरपत असायची आणि चाक कुरकुरलं की बांधावरच्या टोपल्यात एक खडा टाकायची. धर्मराजची मोट, हरिबाची मोट, आपली मोट, सगळ्यांचे खडे; आपले तेवढे आधी पदरात मोजून मग टोपल्यात. नवऱ्यानं विचारलं तर म्हणाली, "पोरखेळ हाय. गप बसा." आठ दिवसांनी टोपलं तिला एकटीला उचलेना. आसारामनं पलीकडून कड धरली आणि न विचारता घरापर्यंत आणून टाकलं. खडे भरले सोळाशे बत्तीस. त्यातले आसारामचे बहात्तर.

मास्तरांना तिनं हा हिशेब विचारला नाही. मास्तरांनी सांगितलं असतं तर भावकी म्हणाली असती की बामनानं शिकवलं. तिला तो सगळ्यांसमोर, स्वतःच्या बोटानं मांडायचा होता.

येळवस आली. मार्गशीर्षातली ही अमावस्या, या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही. सगळी भावकी रानात येते, कडब्याची खोप करते, पांडवांना नैवेद्य दाखवते, आणि मग बाजरीचे उंडे, भज्जी आणि आंबील अशी पंगत बसते. विहिरीचं काही बोलायचं असलं तर ते याच दिवशी, जेवणं उरकल्यावर. हरिबा वयानं मोठा, दोन्ही डोळे गेलेले. त्याचा शब्द शेवटचा.

पंगत उठली. गडी चिंचेखाली टेकले. बायनाबाई बायकांतून उठून पुढं आली, तिनं विहिरीजवळची मऊ धूळ हातानं सारखी केली आणि तिथं बसकण मारली.

"आबा, मला पाळीचं बोलायचंय."

धर्मराजनं तिच्याकडं बघितलंच नाही. तो आसारामला म्हणाला, "आसाराम, बायकोला आवर बे. गडी-मानसं बसलीत."

आसाराम खांबाऐवजी चिंचेला टेकला होता. तो बायकोला आवरायला उठला नाही.

"बोलू दे तिला," हरिबा म्हणाला. "जेवन जड झालंय, तेवढाच येळ जाईल. काय गं पोरी?"

तिनं सांगितलं. दिवस सारखे नाहीत, पाणी मोटांनी मोजून वाटायला हवं. कार्तिकातल्या पाळीत सोळाशे बत्तीस मोटा निघाल्या, त्याचे खडे घरी आहेत, ज्याला पाहिजेत त्यानं मोजून घ्यावेत. सोळानं भागलं की एका आण्याचं पाणी निघतं, त्याची तिप्पट आमची. तिनं धुळीत आकडे मांडले. सगळे जरा पुढं सरकले. कुणा बाईला आकडे काढताना भावकीनं कधी बघितलं नव्हतं.

"सोळा एके सोळा. एक मांडला. तीन खाली घेतला. जात न्हाई. दोन खाली घेतला. बत्तीस. सोळा दुनी बत्तीस. दोन मांडला." तिनं मान वर केली. "एका आन्याला मोटा आल्या... बारा."

मग धर्मराजनं मांडीवर थाप मारली.

"बारा! मंग तीन आन्याच्या किती झाल्या? छत्तीस! आन् तुमच्या निघाल्या किती म्हनली? बहात्तर!" तो पोट धरून हसायला लागला. "आसाराम, तुला तर दुप्पट पानी मिळतंय बे! ह्या पाळीला निम्मं परत कर मला!"

चिंचेखाली हशा पिकला. बायकासुद्धा हसल्या. आपण इथून उठून नीट विहिरीत उडी टाकावी असं बायनाबाईला वाटलं. एवढं दळण दळलं, एवढी राख उकरली, ती यासाठी? तिनं मान खाली घातली. समोर धुळीत एक आणि दोन एकमेकांना खेटून बसले होते.

खेटून बसले होते.

"थांबा," ती म्हणाली. कुणी थांबलं नाही, तेव्हा ती ओरडली, "थांबा म्हनते ना! हसायला सगळी रात पडलीय." तिनं तळव्यानं वरचा आकडा पुसला. "एक मांडला. तीन खाली घेतला. तीनात सोळा जात न्हाई. न्हाई जात. मंग हितं शून्य." बोट तिनं इतकं दाबलं की धुळीखालची काळी माती वर आली. "आता दोन. किती झाले? एकशे दोन. एका आन्याला एकशे दोन मोटा. तीन आन्याच्या तीनशे सहा. आमाला मिळाल्या बहात्तर."

"आधी बारा, आता एकशे दोन," धर्मराज म्हणाला. "उद्या हजार सांगशील. खामखा डोकं खाऊ नकोस."

पण हरिबाचे ओठ हलायला लागले होते. म्हाताऱ्याला अक्षर येत नव्हतं, पण पाढे त्याचे तोंडात होते. "सोळा शंभर सोळाशे," तो पुटपुटला. "सोळा दुनी बत्तीस. सोळाशे बत्तीस." त्यानं तोंड धर्मराजच्या दिशेला वळवलं. "बरूबर हाय रं."

आता कुणी हसलं नाही.

"बरूबर असंल तर असू दे," धर्मराज उठून उभा राहिला. "धुळीतल्या आकड्यावर हीर चालत नसती. थोरल्या पातीनं पयलं पानी घ्यायचं, हा दस्तूर हाय. पटत नसंल तर तहसीलीत अर्जी द्या. लिवा उर्दूत."

"आबा," बायनाबाई म्हणाली, "हिशेब बरूबर हाय म्हनालात ना?"

"म्हनालो."

"मंग पानी?"

हरिबानं काठी चाचपली. त्याचा स्वतःचा कांदा त्या साली दोन वाफे जास्त होता, आणि तो कुणाच्या पाण्यावर उभा आहे, हे त्याला आता डोळ्यांशिवायही दिसत होतं. "ह्या सालच्या पाळ्या सांगून झाल्या, पोरी," तो शेवटी म्हणाला. "पुढल्या साली बघू."

घरी येताना आसाराम तिच्या मागून चालत होता. बांधावर आल्यावर तो म्हणाला, "लई बोललीस."

"मंग काय करू? पुढल्या साली बघू म्हनं. पुढल्या साली कुनाच्या ध्यानात ऱ्हानार हाय? धूळ तर आत्ताच उडाली आसंल."

"मी तसं न्हाई म्हनलो," आसाराम म्हणाला. "बरं बोललीस."

दुसऱ्या दिवशी तिनं गेरूचा खडा घेतला आणि विहिरीवर गेली. मोट जिथं रिकामी होते, त्या थारोळ्याच्या बाजूला एक सपाट दगड बसवलेला होता. त्याच्यावर तिनं ठळक तीन आकडे काढले: सात, सहा, तीन. ज्याचे जितके आणे तितका आकडा. आणि रोज संध्याकाळी, ज्याची पाळी असेल त्याच्या आकड्याखाली, त्या दिवशी किती मोटा निघाल्या ते लिहायला सुरुवात केली.

धर्मराज पहिल्या दिवशी नुसता हसला. दुसऱ्या दिवशी रस्त्यानं जाणाऱ्या बाया दगडापाशी थांबून विचारायला लागल्या, "हे काय गं लिवलंय?" आणि बायनाबाई त्यांना सांगायला लागली. तिसऱ्या दिवशी धर्मराजनं थारोळ्यातलं ओंजळभर पाणी घेतलं आणि दगड धुऊन टाकला. सकाळी आकडे परत तिथं होते. त्यानं परत धुतले, तिनं परत लिहिले. त्याच्याकडं पाणी होतं, तिच्याकडं गेरू होता. शेवटी हरिबाची पाळी लागली आणि म्हाताऱ्यानं मोट हाकणाऱ्या आपल्या मुलाला बजावलं, की त्या दगडाला कुणाला हात लावू द्यायचा नाही. यापेक्षा जास्त काही तो त्या साली करणार नव्हता.

आसारामची पाळी आली तेव्हा पौष लागला होता. गहू पोटऱ्यात होता, ओंब्या बाहेर पडायच्या बेतात. एक पाणी मिळालं असतं तर तरला असता. आसारामनं बैल जुंपले, मोट सोडली. ती खाली जाऊन धप्प आवाज करत बसली. बैल धावेच्या उतारावरून खाली गेले, चाक कुरकुरलं, मोट वर आली आणि थारोळ्यात उपडी झाली. चिखलाचा एक गोळा पडला. पाणी नव्हतं. झरे आटले होते.

आसारामनं वाफ्यांकडं बघितलं. वाऱ्यानं गहू हलत होता, त्याची पानं कडेनं पिवळी पडली होती. या साली गहू गेला होता.

"चल," आसाराम म्हणाला. "सोडतो बैल."

"थांबा." बायनाबाई दगडापाशी गेली. तिनं गेरू उचलला आणि तीनाच्या खाली एक शून्य काढलं. चांगलं मोठं, वाटीएवढं. ते जरा वाकडं आलं, पण पूर्ण आलं.

धर्मराज आपल्या मळ्यातून हे बघत होता. तो तरातरा आला, दगडाकडं बघितलं, आणि त्याला ते शून्य दगडावरच्या सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त झोंबलं. आपल्या साताखालचे मोठमोठे आकडे त्यानं हरिबाच्या पाळीपासून सोसले होते. हे त्याला सोसवेना. त्यानं पाय उचलला आणि चपलेनं दगड घासला. गेरू कोरडा होता. शून्य गेलं नाही, नुसतं जाड झालं.

"हे आत्ताच्या आत्ता पूस," तो ओरडला. "जाणाऱ्या-येणाऱ्याला दाखवायला मांडलंय व्हय? आसाराम, तुला सांगतोय मी. पूस ते."

आसाराम बैलांच्या मधून पुढं आला. तो थोरल्या भावासमोर उभा राहिला, आणि मान खाली घालायची त्याची रोजची जी वेळ असते, तेव्हा त्यानं ती घातली नाही.

"पुसायला पानी लागंल, दादा," तो म्हणाला. "हिरीत न्हाई."

आसाराम वळला, त्यानं कासरा ओढून बैल हळूहळू मागं घेतले आणि रिकामी मोट पुन्हा विहिरीत सोडली. बायनाबाई गेरू हातात घेऊन दगडापाशी बसली आणि मोट वर येण्याची वाट बघू लागली.